कोरैयूरची ऊब

आमच्या खाली राहणाऱ्या सुब्बारावांशी माझं भांडण लंगोटांवरून झालं होतं.

इरा दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्माला आली. हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत राहून घरी आली तेव्हाही दोन किलोची नव्हती. तिचे लंगोट आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वाळत घातले की त्यांचं पाणी बरोब्बर खालच्या बाल्कनीतल्या सुब्बारावांच्या सोवळ्याच्या धोतरावर ठिबकायचं. कुणी नेम धरला असता तरी इतका अचूक बसला नसता. ते धोतर पुन्हा धुवायचे, कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं उंच वाळत टाकायचे, आणि लंगोट पुन्हा ठिबकायचे. शेवटी असोसिएशनचे सेक्रेटरी नारायणस्वामी यांनी लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली. पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांनी कपडे नीट पिळून वाळत घालावेत, म्हणे. पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ फक्त आमच्याकडे होतं. माझं नाव लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मी तरातरा खाली गेले. "काका, बाळाचा लंगोट आहे तो, गटाराचं पाणी नाही."

सुब्बाराव दारातच उभे राहिले. पंचाहत्तरीचे, उंच, कपाळावर गंध. "बाळाचा राग नाहीं, अम्मा. पण सोवळें तें सोवळें," म्हणाले आणि हात जोडून त्यांनी दार लावून घेतलं.

ते मराठीच, पण आमच्यासारखे नोकरीपायी आलेले नव्हेत. तंजावरकडचे, कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे तमिळ मुलखात येऊन राहिलेल्यांतले. त्यांचं बोलणं ऐकलं की बखरीतला कारकून तमिळ शिकून आलाय असं वाटायचं. मी अनयला त्यांची नक्कल करून दाखवायचे. त्या दिवसापासून जिन्यात भेटले तरी मी मान फिरवायला लागले. माझा राग लवकर येतो आणि सावकाश जातो, हे सासरी माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मग डिसेंबरातलं ते वादळ आलं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली होती, म्हणून अनय त्यांना सांगलीला सोडायला गेला होता. दोन दिवसांत परत येतो म्हणाला आणि इकडे विमानतळच बंद झाला. धावपट्टीवर पाणी. मला त्याच वेळी ताप भरला, खोकलाही. घरात मी आणि इरा, दोघीच.

हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की इराला अजून स्वतःची ऊब धरता येत नाही, तिला उघडं करून कुणाच्या तरी उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, जितका वेळ जमेल तितका. ते आम्ही करत होतो. सकाळी मी, रात्री अनय, मध्ये सासूबाई. ताप आल्यावर मी बाईंना फोन केला. "दूध काढून पाजा," त्या म्हणाल्या. "पण हा ताप-खोकला जाईपर्यंत तुम्ही तिला छातीशी घेऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी..." इतक्यात फोन तुटला तो तुटलाच. वीज पहाटेच गेली होती. आता टॉवरही गेला.

दुसरं कुणी म्हणजे कोण? कामवाली बाई पलीकडच्या वस्तीत पाण्यात अडकलेली. खिडकीतून पाहिलं तर रस्ता नव्हताच, तपकिरी पाणी होतं आणि त्यात गाड्यांचे टप तेवढे दिसत होते. मी तोंडाला मास्क बांधला, इराला झबलं घातलं, त्यावर दुपटं, त्यावर शाल, त्यावर माझी ओढणी. बोचकं करून पलंगावर ठेवली आणि बाजूला बसून राहिले. रडलेही. खोटं कशाला सांगू?

जिन्यात भांड्यांचा आवाज झाला म्हणून दार उघडलं. सुब्बाराव आणि त्यांच्या बायको कनकाबाई जिन्याच्या वळणावर बसले होते. त्यांच्या घरात गुडघ्याइतकं पाणी शिरलं होतं. शेजारी देवांची पेटी, एक स्टोव्ह, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेलं धोतर. तेच ते. दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही म्हणून म्हातारी माणसं जिन्यात बसली होती.

"आत या," मी म्हणाले. माझा आवाज काही फार गोड नव्हता.

कनकाबाई आत आल्या. काडीसारख्या बाई, नेसूचं कमरेपर्यंत भिजलेलं. मी त्यांना माझी साडी दिली. ती नेसून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर हात चोळून ते पलंगावरचं बोचकं सोडलं. इराच्या पोटाला हाताची पालथी बाजू लावली. मग पावलाला. मग पुन्हा पोटाला.

"पोट ऊन अहे," त्या म्हणाल्या. "पाऊल गार."

"एवढं गुंडाळलंय तिला," मी म्हणाले.

"कपडा ऊब राखतो, पोरी. देत नाहीं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुजला जोर अहे, ताप अहे. माझें अंग कायमच बर्फ, डॉक्टर थायरॉईड म्हणतो. ह्यांची छाती ऊन असते. हे घेतील."

मी दारात उभ्या सुब्बारावांकडे पाहिलं. मी आजारी होते, घाबरले होते, तरी माझी जीभ काही आवरली नाही. "काकांना चालेल? तिच्या लंगोटाच्या एका थेंबानं ज्यांचं धोतर बाटतं, ते तिला उघड्या अंगाशी घेणार?"

सुब्बाराव रागावले नाहीत. उंबऱ्याशीच खाली बसले. "अम्मा, मजला धरिलें होतें म्हणोन मी अहे," ते म्हणाले. "सांगूं? थोडकें सांगतों. पाऊल गार अहे, फार वेळ नाहीं."

आणि त्यांनी सांगितलं.

त्यांचं गाव कोरैयूर, कावेरीच्या मुलखातलं, लव्हाळ्याच्या चटया विणणारं. गावात तान्ह्या मुलांचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे चटयांच्या वखारीतल्या दोन खोल्या आणि अलमेलू नावाची नर्स. तिनं एका सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली होती. आत विजेचा दिवा. अपुऱ्या दिवसांची पोरं त्या दिव्याच्या उबेला ठेवायची. त्याआधी अशी पोरं जगतच नसत. आई बाळंतीण व्हायच्या आधीच सुईण खड्डा कुठे खणायचा ते विचारून ठेवी, असं गावात म्हणत. पेटी आल्यावर काही जगू लागली, आणि लोक अलमेलूच्या पेटीला हळदकुंकू वाहू लागले.

सुब्बाराव असेच आधी जन्मले. त्या वर्षीही वादळ झालं. विजेचे खांब आडवे पडले, पेटीतला दिवा गेला. अलमेलूनं पेटीतली पोरं ज्यांची त्यांच्या घरी दिली आणि बजावलं, उघड्या छातीशी धरा, खाली ठेवू नका.

"माझी आई तुजसारखीच जोरांत," सुब्बाराव म्हणाले. "घरांत कारभार आत्याचा. गोदावरी आत्या. विधवा, आलवण नेसणारी, सोवळ्यांत कडक. ती म्हणाली, बाळ दवाखान्यांत चार जातींच्या हातून आलें, आतां तरी सोवळ्यांत राहूं दे. जो घेईल त्यानें स्नान करोन घ्यावें. पण वादळांत सोवळ्याचें वाळणार कसें? मग ओलेत्यानें घ्या, म्हणाली."

मला कळायला क्षणभर लागला. मग अंगावर काटा आला. घरातल्या माणसांनी, वडिलांनी, काकांनी, आत्यानं, आळीपाळीनं विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ करून, ओल्या धोतरा-लुगड्यानं, गारठलेल्या छातीशी त्या जिवाला धरलं. मायेनं धरलं. पाप लागू नये म्हणून धरलं. जो येई तो आदल्यापेक्षा गार.

अलमेलू पाण्यातून वाट काढत पोरांना बघायला आली, तेव्हा बाळ निळं पडलेलं. तिनं पोटाला हात लावला, पावलाला लावला आणि त्याला आपल्या पोलक्यात घालून निघाली. आत्या मागून ओरडत, शिव्या देत. वखारीत चटईवाल्यांची सगळी गल्ली आसऱ्याला आली होती. माणसाला माणूस लागून बसलेलं, कोरडं, उबदार. अलमेलूनं पोर सीतम्मा नावाच्या विणकरणीच्या छातीशी दिलं. आत्या बाहेर ओसरीवर ओलेती कुडकुडत बसली. दिवसभर बसली. अलमेलू एकदाच बाहेर आली आणि म्हणाली, आत यायचं तर कोरडं होऊन या, नाहीतर इथेच बसा.

"आत्या उठली," सुब्बाराव म्हणाले. "आत गेली. आलवण फेडिलें. सीतम्माचें जुनें लुगडें कोरडें होतें, तें नेसली. ज्या बाईची सावली ती चुकवोन चाले, तिचें लुगडें. मग हात पुढें केले. सीतम्मानें मजला तिच्या छातीशीं लाविलें. तेव्हां आत्या तिजला म्हणाली, तुझें नांव काय गे? एका गांवांत जन्म गेला होता दोघींचा. नांव ठाऊक नव्हतें."

बाहेर पाऊस कोसळत होता. मी मास्कमागे तोंड उघडं टाकून बसले होते.

"तेव्हांपासोन कोरैयूरचा रिवाज," ते म्हणाले. "बाळ छातीवरोन छातीवर जातें. मध्यें खाली ठेवीत नाहींत. आणि घेणारा आधीच्यांचीं नांवें घेतो. दुसरा कांहीं इतिहास लिहिलेला नाहीं त्या आस्पत्रीचा. आतां मोठी इमारत अहे, यंत्रें अहेत, भिंतीवर पाटी अहे, पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचें नांव अहे. अलमेलूचें नाहीं. पण आंत एक बाक अहे. अजून गांवचीं माणसें पाळी धरोन तिथें बसतात, पोर छातीशीं घेऊन. ज्यास कुणी धरिलें असेल तो आधीं बसतो. म्हणोन कनका म्हणाली, हे घेतील."

"आणि आत्या?" मी विचारलं.

"घरीं आली, स्नान केलें, पुन्हा आलवण, पुन्हा सोवळें. मरेपर्यंत सुटलें नाहीं. आणि मरेपर्यंत दुपारीं दवाखान्यांत. सीतम्माचें लुगडें तिथें खुंटीस असे. तें नेसे, पोर घेई." ते थोडे हसले. "माझेंही तसेंच, अम्मा. दोन्ही खरें."

मी उठले, आणि इराला उचलून कनकाबाईंच्या हातात दिलं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं होतं. तीही भीतीच म्हणा, पण देवळात गाभाऱ्यासमोर वाटते तसली.

सुब्बारावांनी शर्ट काढला. टॉवेलनं अंग खसखसून पुसलं, काखा, मान, जानव्याखालची छातीसुद्धा. तळहात एकमेकांवर चोळून गालाला लावून पाहिले. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी ते धोतर काढलं. "हेंच एक कोरडें अहे," म्हणाले. सोवळ्याचं धोतर, ज्याच्यासाठी लिफ्टमध्ये नोटीस लागली होती. कनकाबाईंनी उघड्या इराला त्यांच्या छातीवर बेडकासारखी पालथी ठेवली, मान एका बाजूला वळवली आणि त्या धोतरानं दोघांना मिळून करकचून बांधलं. सुब्बारावांनी डोळे मिटले.

"अलमेलू," ते म्हणाले. "सीतम्मा. गोदावरी. मी सुब्बाराव. हें इरा."

देवाचं नाव घेतात तशी नावं घेतली. मी मंत्र खूप ऐकलेत, लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला. एकाही मंत्रानं मला असं झालं नव्हतं.

मग आम्ही वाट बघत बसलो. कनकाबाईंनी देवांच्या पेटीतून चांदीचं बोंडलं काढलं, त्या त्याला पालाडै म्हणत होत्या. मी काढून दिलेलं दूध त्यांनी त्या चोचीतून थेंब थेंब इराच्या ओठात सोडलं. आधी ती गिळेना. दूध गालावरून ओघळून सुब्बारावांच्या छातीवर गेलं. कनकाबाईंनी पुसलं, पुन्हा लावलं. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. तेवढ्यात इराच्या घशाशी हललेलं मला दिसलं. एक घोट. मग दुसरा.

दुपार कलता कलता सुब्बारावांनी भुवया उंचावल्या. धोतरावर एक ओला डाग पसरत होता. इरानं सोवळ्याचा सोक्षमोक्ष लावला होता.

"काका, बदलूया," मी घाईघाईनं म्हणाले.

"उठवूं नको," ते म्हणाले. "झोपली अहे. आंत ऊनच अहे." आणि कनकाबाईंकडे बघून, "आतां नोटीस कोणास लावूं?"

त्या वादळात मी पहिल्यांदा हसले. हसता हसता खोकला लागला म्हणून स्वयंपाकघरात पळाले. परत आले तेव्हा कनकाबाईंनी मला खूण केली. मी हात धुतले, हाताची पालथी बाजू धोतराखाली सरकवली. पोट. पाऊल. पाऊल अजून थोडं मागे होतं, पण सकाळचा तो गारठा गेला होता.

संध्याकाळी नारायणस्वामी मेणबत्त्या आणि ब्रेड घेऊन आले. जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज कंपनीत जन्म घालवलेला माणूस. बोलणंही मालाच्या पावतीसारखं. कुठल्या घरात किती पाणी, पंप कधी चालू होणार, हे सांगत ते आत आले आणि सुब्बारावांना पाहून मध्येच थांबले. सुब्बारावांची पाठ एव्हाना धरली होती. कनकाबाईंनी मध्ये थोडा वेळ घेऊन पाहिलं होतं, त्यांनीही नावं घेतली होती, पण त्यांच्या अंगाशी इरा लगेच गार पडायला लागली म्हणून परत दिली होती.

"सार, शर्ट काढा," कनकाबाई त्यांना तमिळमध्ये म्हणाल्या.

"मी?" नारायणस्वामी म्हणाले. "मला येत नाही. माझ्या स्वतःच्या मुलांना मी कधी... ते सगळं बायकोनंच केलं."

"येण्यासारखं त्यात काही नाही," सुब्बारावही तमिळमध्येच म्हणाले. "बसायचं. ऊन राहायचं."

नारायणस्वामींनी मेणबत्त्या टेबलावर ठेवल्या. शर्टाची बटणं काढली, शर्टाची घडी घातली. पोट चांगलं सुटलेलं होतं, आणि मला वाटलं, देवानं हे पोट आजच्या दिवसासाठीच दिलं असावं. इरा त्यांच्या छातीवर मांडली गेली तेव्हा ते श्वास घ्यायचे थांबले. सुब्बारावांनी नावं सांगितली, त्यांनी एकेक मागून म्हटलं. अलमेलू. सीतम्मा. गोदावरी. सुब्बाराव. कनका. मग स्वतःचं. "नारायणस्वामी," ते म्हणाले, लिफ्टमधल्या नोटिशीखाली सही करणारा माणूस आपलं नाव पहिल्यांदाच उच्चारत असावा तसे.

ती रात्र आणि दुसरी सकाळ अशीच गेली. दोघं म्हातारे आळीपाळीनं, मध्ये कनकाबाई बोंडल्यानं दूध पाजत. मी दूध काढत होते, चहा करत होते, पेज करत होते, आणि दारातून बघत होते. मास्क लावलेली, आपल्याच पोरीपासून चार हात लांब. त्या अंतराचा मला सतत राग यायचा, आणि तरी त्या अंतरावरूनच मला ते सबंध दिसत होतं. कोरैयूर मी पाहिलेलं नाही. पण त्या वखारीत लव्हाळ्याच्या वासात माणसाला माणूस लागून बसलेलं आहे आणि एका छातीवरून दुसऱ्या छातीवर काहीतरी चाललं आहे, ते चालत चालत इथे वेलचेरीच्या पाण्यात माझ्या हॉलमध्ये येऊन पोचलं आहे, असं मला स्पष्ट दिसत होतं.

दुपारी पाणी जरा उतरलं. माझा ताप उतरला होता, खोकला मात्र होता. इरा नारायणस्वामींच्या छातीवर होती. जिन्यात धावत येणारी पावलं ऐकू आली. दारात अनय. बंगळुरूपर्यंत विमान, तिथून बस, मग कुणाच्या ट्रॅक्टरवरून, आणि मुख्य रस्त्यापासून छातीभर पाण्यातून. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता, दात वाजत होते. त्यानं इराला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून तो धावलाच.

"थांब," मी ओरडले.

तो जागच्या जागी थांबला. माझा असा आवाज त्यानं भांडणातही ऐकला नव्हता.

"आधी कोरडा हो."

कनकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुब्बारावांनी उठून आपला टॉवेल अनयला दिला. मी त्याचा ओला शर्ट ओढून काढला, पाठ पुसली, केस पुसले, त्याचे हात माझ्या हातात घेऊन चोळले, ऊन होईपर्यंत चोळले. तो लहान मुलासारखा उभा राहिला. मग नारायणस्वामी त्याच्यासमोर येऊन छातीला छाती भिडवून उभे राहिले आणि इरा अलगद सरकून बापाच्या अंगावर आली. मध्ये तिला गादी लागली नाही, वाराही लागला नाही.

"नावं घ्यायची असतात," मी म्हणाले.

"कुणाची?"

"मी सांगते. माझ्या मागून म्हण." आणि मी सांगितली. सुब्बारावांकडे एकदाही बघावं लागलं नाही. "अलमेलू. सीतम्मा. गोदावरी. सुब्बाराव. कनका. नारायणस्वामी." अनयनं एकेक म्हटलं, आणि शेवटी न सांगता स्वतःचं म्हटलं. मग मी हाताची पालथी बाजू आधी इराच्या पोटाला लावली, मग पावलाला. दोन्ही सारखीच ऊन होती.